माशांचं खाद्य आणि बाबांचं ताट

शोभेच्या माशांना जेवण आवडलं की नाही, हे मोजायचं सॉफ्टवेअर मी दोन वर्षं लिहीत होतो. हे वाक्य मी लग्नाकार्यात उच्चारलं की समोरचा माणूस पाणी आणायला म्हणून उठतो आणि परत येत नाही. बायकोने मला बजावून ठेवलंय, "आयटीत होतो, जपानला, एवढंच सांगत जा. पुढे जाऊ नका." पण पुढे गेल्याशिवाय बाबांचं सांगता येत नाही, म्हणून जातो.

त्या काळी पुण्या-मुंबईच्या कंपन्या जपानला इंजिनियर पाठवायच्या ते आंब्याच्या पेट्या पाठवल्यासारखे. वरच्या थरातले टोकियोला जायचे, तोयोसुच्या काचेच्या इमारतींत बसून बँकांची कामं करायचे. तळातले जिथे मागणी असेल तिथे. मी कोबेहून गाडीने तासाभरावरच्या एका कारखान्यात पोचलो, जिथे गोल्डफिश, रंगीत कोई आणि नखाएवढ्या परदेशी माशांसाठी दाणे बनत.

"तुझं डोमेन काय?" तोयोसुचा मित्र फोनवर विचारायचा.

"मत्स्याहार."

"म्हणजे फिशरीज?"

"नाही रे. मासे पकडत नाहीत. माशांना भरवतात."

तो हसत सुटायचा आणि मीही हसायचो. खरं सांगायचं तर त्या कारखान्यात मला बरं वाटायचं. दाण्यात मुख्य असतं ते पीठ, सोया, गव्हाचा अंकुर. पौष्टिक सगळं, पण मासा त्याच्याकडे आपण सरकारी फॉर्मकडे बघतो तसा बघतो. म्हणून त्यात वासाची प्रथिनं घालावी लागतात: फिशमील, स्क्विडची भुकटी, रेशमाच्या किड्याचे वाळवलेले कोष आणि सगळ्यांत महाग, क्रिल. क्रिल म्हणजे थंड समुद्रातला कोळंबीसारखा दिसणारा बारीक जीव. तो वाळवून दळतात. त्याचं पोतं उघडलं की वास असा येतो, की पहिल्या दिवशी मी दाराबाहेर गेलो आणि मला वाटलं, कसलं तरी रसायन सांडलंय.

कुठलं क्रिल किती घातलं की मासा किती खूश, हे ठरवणारा माणूस एकच होता. साठी उलटलेला, निवृत्तीनंतर पुन्हा कामावर ठेवून घेतलेला, पांढरा कोट आणि निळे गमबूट. काचेच्या टाक्यांची एक लांबच लांब खोली होती, तिथे तो दिवसभर असायचा. घरी आम्ही त्याला टाकीवाले काका म्हणायचो. तो मला 'इंदो-सान' म्हणायचा. मी आपला भारत देश म्हणून ओ द्यायचो.

त्याची पद्धत साधी होती. माशांना एक दिवस उपाशी ठेवायचं. मग एका बाजूने दहा दाणे जुन्या खाद्याचे, दुसऱ्या बाजूने दहा दाणे नव्या खाद्याचे. मासा आधी कुठे वळतो, किती सेकंदांनी तोंडात घेतो, घेऊन थुंकतो का, आणि पाच मिनिटांनी काय उरतं. उरलेलं नळीने ओढून घ्यायचं आणि मोजायचं. हे सगळं तो वर्षानुवर्षं वहीत लिहीत आला होता. ती वही संगणकात आणायची, एवढ्यासाठी मला मुंबईहून विमानाने आणलं होतं.

"वासाने येतो," तो मला पहिल्या आठवड्यात म्हणाला होता, हळू जपानीत, हातवारे करत. "येणं वेगळं. तोंडात घेणं वेगळं. गिळणं अजून वेगळं. तीन रकाने कर."

मी तीन रकाने केले.

ती प्रणाली चालू व्हायला दोन आठवडे उरले असताना आई गेली. सकाळी चहा केला, बाबांना दिला, स्वतःचा कप घेऊन खुर्चीत बसली आणि गेली. मी पोचलो तेव्हा सगळं आटपलं होतं. दिवस केले. आई-बाबा दोघंही वसंतात आमच्याकडे यायचे होते, दोघांच्या पासपोर्टवर जपानचा व्हिसा लागलेला होता. आईच्या पासपोर्टवरचा नुसताच राहिला.

तेराव्याला गोडाचं जेवण झालं आणि मी बाबांची बॅग भरायला घेतली. मामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, दारात येऊन उभा राहिला.

इथे आमच्या घरचं थोडं सांगायला हवं. आम्ही कोकणातून मुंबईत आलेले, मासे खाणारे लोक. घरात कोणी गेलं की मासे बंद. तेराव्यानंतरही ते आपोआप सुरू होत नाहीत. गेलेल्या बाईच्या माहेरचं माणूस, शक्यतो भाऊ, बाजारातून मासे घेऊन येतो आणि मागे राहिलेल्या नवऱ्याच्या ताटात स्वतःच्या हाताने पहिली तुकडी वाढतो. याला आमच्यात दुखवटा काढणं म्हणतात. तो निघाला की चुलीवर पुन्हा कालवण चढतं. तोवर कोणी स्वतःहून मागायचं नसतं. मागणारा हावरा ठरतो.

"रविवारी काढतो दुखवटा," मामा म्हणाला. "तीनच दिवस थांब."

"मामा, सोमवारी माझं गो-लाइव्ह आहे."

"म्हणजे काय असतं?"

"मासे नीट जेवतात का, ते बघायचं असतं."

मामाने माझ्याकडे बघितलं. "माशांचं जेवण खोळंबलंय म्हणून निघालास?"

"तसंच समज. आणि मामा, हे सगळं आता कोण पाळतं?"

तो खाली जाऊन टॅक्सी घेऊन आला.

बाबा कोबेला आले आणि जेवेनात.

म्हणजे ताटावर बसायचे. हात धुऊन, पाट नाही म्हणून खुर्चीवर मांडी घालून बसायचे. वरणभाताचे दोन घास घ्यायचे, तिसरा कालवत राहायचे आणि "बास" म्हणायचे. बायकोने मऊ भात करून पाहिला, थालीपीठ, शेवयांची खीर, मुगाचं कढण, अळू मिळत नाही म्हणून पालकाचं फदफदं. कोबेच्या जुन्या भारतीय किराणा दुकानातून जे मिळेल ते ती आणायची. "छान झालंय, पोरी," बाबा म्हणायचे. दोन घास. बास.

आमची मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती आणि तिथल्या शाळेत ताटात अन्न टाकणं हा जवळजवळ गुन्हा होता. ती समोर बसून त्यांच्या ताटाकडे बघत राहायची.

"आजोबा, तू आमच्या वर्गात असतास ना, तर तू घरी आलाच नसतास. सेन्सेइने बसवून ठेवलं असतं."

"कितवीपर्यंत?" बाबांनी विचारलं. ते हसले त्या पहिल्या आठवड्यातलं तेवढंच.

तिसऱ्या आठवड्यात बाबांनी माझ्याकडे कंपासपेटी मागितली. मला वाटलं नातीला भूमिती शिकवतायत. बघतो तर कर्कटकाने पट्ट्याला नवं भोक पाडत होते. पुढच्या आठवड्यात अजून एक.

डॉक्टरकडे नेलं. त्यांनी रक्त तपासलं, पोटात नळी घातली, चित्रं काढली आणि अदबीने सांगितलं, की काही सापडत नाही, वय आहे, दुःख आहे. पिठाचे डबे दिले, पाण्यात कालवून प्यायचे. बाबांनी पहिला पेला संपवला, कारण डॉक्टर समोर उभे होते. बाकीचे डबे आम्ही वर्षभर भिशीसारखे एकमेकांकडे सरकवत होतो.

आता माझी अक्कल ऐका. दिवसभर मी ज्या कामात होतो तेच डोक्यात होतं. मी एक एक्सेलची फाइल केली. रोजचा पदार्थ, गरम की कोमट, पहिला घास किती वेळाने, किती घास, काय उरलं. बाजूला शेरा. मला खरोखर वाटत होतं, की चार आठवड्यांचा डेटा हाताशी आला की काहीतरी दिसेल. गोडाला बरे का तिखटाला, सकाळी बरे का दुपारी. कारखान्यात दिसायचं तसं.

बाबा बँकेतून निवृत्त झालेले. रकाने बघितले की त्यांना कळायचं. एका शनिवारी मी लॅपटॉप उघडा ठेवून उठलो आणि परत आलो तर ते चष्मा लावून वाचत होते.

"मी कुठल्या टाकीत रे?" ते म्हणाले.

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, शोभतं का तुम्हाला? सासऱ्याची टेस्ट केस केलीत!"

"असू दे गं," बाबा म्हणाले. "पण ह्याने बेरीज चुकवलीय. मंगळवारी मी तीन घास खाल्ले होते. दोन लिहिलेत."

मी दुरुस्ती केली. तीन.

क्रिलच्या नव्या मिश्रणाची चाचणी लागली त्या आठवड्यात मी रोज टाक्यांच्या खोलीत होतो. तो वास अंगाला नाही, कपड्याला लागतो. परतीच्या गाडीत माझ्या दोन्ही बाजूंच्या जागा रिकाम्या राहायच्या. जपानी माणूस नाक धरत नाही, नुसता पुढच्या डब्यात काही काम आठवल्यासारखा उठतो. घरी मुलगी दारातच ओरडायची, "पापा, कुसाइ! घाण वास!" आणि बायको मला आत पाऊल टाकू द्यायची नाही, आधी कोट काढायला लावायची. कोट गॅलरीत टांगायचा, अशी व्यवस्था ठरली. गॅलरीला लागून बाबांची खोली होती.

शुक्रवारी संध्याकाळी कोट टांगून मी आंघोळीला गेलो. बाहेर आलो तर बाबा खोलीत नव्हते. गॅलरीत उभे होते. माझ्या कोटाची बाही दोन्ही हातांत धरून, नाकाशी नेऊन.

मी शरमलो. म्हटलं, "सॉरी, बाबा. उद्यापासून कोट तिथेच ठेवून येतो. तुम्ही हे सोडलंत आणि मी रोज हा वास घेऊन…"

"जवळा कुठे मिळाला तुला?"

"काय?"

"जवळा रे. हा जवळा आहे. तव्यावर भाजलेला. तुझी आई कांदा घालायच्या आधी काढायची तेव्हा येतो, तो वास."

मी कोटाची दुसरी बाही धरली आणि वास घेतला. जवळाच होता. दोन वर्षं मी त्या वासात बसत होतो, त्याचे सेकंद मोजत होतो, त्याला तीन रकाने केले होते, आणि लहानपणापासून आमच्या घरात दर आठवड्याला भाजला जाणारा जवळा, ती वाळवलेली इवलीशी कोळंबी, मला त्यात ओळखता आला नव्हता.

"तुम्हाला चालतो?" मी विचारलं. "तुम्ही सोडलंत ना मासे?"

"कोणी सांगितलं मी सोडले?"

बायको मागे येऊन उभी राहिली होती. ती पुण्याची, तिच्या माहेरी अंडंसुद्धा निराळ्या भांड्यात. मासे ती लग्नानंतर शिकली, पण मासे बंद आणि चालू करायचे नियम तिला कोणी शिकवले नव्हते. सासू गेली म्हणून तिने आपल्या मनाने फ्रीजरमधले सगळे मासे काढून टाकले होते, वर्षभर काही आणायचं नाही असं ठरवलं होतं. मी ते पाहिलं आणि समजलो, की तिने बाबांना विचारलं असणार. ती समजली, की मी विचारलं असणार.

"बाबा, मग तुम्ही मागितलंत का नाही?" ती म्हणाली.

"कसं मागणार, पोरी? घरात सून सुतक पाळतेय. नात फक्त शाळेत मासा खाते, मला सांगते आज अमुक होतं म्हणून. आणि सासरा म्हणणार, मला सुरमई तळ? दुखवटा कुठे निघालाय माझा?"

खाली रस्त्यावरून कचऱ्याची गाडी तिचं ठरलेलं गाणं वाजवत गेली. आम्ही तिघं गॅलरीत एका कोटाभोवती उभे होतो. मला हिशेब करायचा नव्हता तरी झाला. बाबांना येऊन एकोणचाळीस दिवस. समुद्र आमच्या इमारतीच्या मागे, मासळी बाजार दोन स्टेशनांवर, आणि जन्मभर कल्ले उघडून मासा पारखून घेणारा माणूस आमच्या घरी आमच्या मर्जीसाठी पालकाचं फदफदं कालवत बसला होता. आणि आम्ही त्याच्या मर्जीसाठी.

मी मामाला फोन लावला. सगळं सांगितलं.

"तीन दिवस थांब म्हटलं होतं," मामा एवढंच म्हणाला. मग म्हणाला, "उद्या दुपारी फोन लाव. मी काढतो इथून."

"फोनवरून?"

"मग काय पोहत येऊ? तू मासे आण. वाढायला लेकीला उभी कर. हात तिचा, पण वाढतोय मी, एवढं भावोजींना सांग."

शनिवारी सकाळी आम्ही सगळे बाजारात गेलो, बाबा सोडून. जपानी लोक सावारा म्हणतात तो मासा आमच्या सुरमईचा सख्खा भाऊ. तो घेतला. वाळवलेली गुलाबी कोळंबी घेतली, जवळ्याची श्रीमंत नातेवाईक शोभावी अशी. बायकोने तुकड्यांना हळद-मीठ-तिखट लावलं, तांदळाच्या पिठात घोळवून तळले. कोळंबी तव्यावर भाजून कांदा, कोकम घालून परतली. बाबा आपणहून येऊन खुर्चीवर बसले. हात दोनदा धुतले. मी टेबलाच्या मध्ये फोन ठेवला, स्पीकर लावला.

"भावोजी, बसलात?" मामाचा आवाज.

"बसलो."

"मी उशिरा आलो. राग मानू नका."

"तू कशाला उशिरा? तू वेळेवरच होतास," बाबा म्हणाले आणि माझ्याकडे बघितलंही नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

"वाढतो मग. घ्या."

मुलीने दोन्ही हातांनी, तिथल्या पद्धतीने वाकून, तुकडी त्यांच्या ताटात ठेवली. "दोझो," म्हणजे 'घ्या', ती म्हणाली. बाबांनी डोळे पुसले, तुकडी मोडली, काटा काढला आणि घास घेतला. आम्ही तिघं आणि मुंबईतला एक फोन, सगळे त्यांच्या जबड्याकडे लक्ष लावून. बराच वेळ चावत होते. मग गिळला. माझ्या डोक्यातला तिसरा रकाना भरला, आणि मी स्वतःला मनात एक शिवी दिली.

"कसं झालंय?" मामाने विचारलं.

"फर्स्ट क्लास. तुझ्या बहिणीच्या हातचं नाही, पण सूनबाईने लाज राखली."

बायको हसली आणि रडली. बाबांनी अर्धी तुकडी खाल्ली, कोळंबी भाताशी दोन घास. पंधरा दिवसांत ते एवढं जेवले नव्हते. मुलीने टाळ्या वाजवल्या. मी तोयोसुच्या मित्राला फोन करून सांगितलं, "सुटला प्रॉब्लेम." आम्ही त्या संध्याकाळी समुद्रावर फिरायला गेलो आणि परत येताना मुलीने आजोबांचं बोट धरलं होतं.

दुसऱ्या दिवशी बायकोने तोच मासा केला. बाबांनी एक घास घेतला. दुसरा हातात घेतला आणि बोटांनी तो चिवडत राहिले.

"वास चांगला येतोय," ते म्हणाले. "तोंडातही बरं लागतं. पण आत जात नाही रे."

"कालसारखा एक घास घ्या."

"काल त्याने वाढलं होतं म्हणून घेतलं. मान राखायला." आणि मग, मला समजावून सांगावं तसं, "पहिले पंधरा दिवस खूप भूक लागायची. पाण्यावर काढले. मग गेली ती. तुझा काही दोष नाही."

सोमवारी मी टाकीवाल्या काकांकडे गेलो. तो एका टाकीतून नळीने पाणी ओढत होता. मी माझ्या मोडक्या जपानीत त्याला सगळं सांगितलं, का सांगितलं माहीत नाही. त्याच्याइतका खाण्याचा विचार केलेला दुसरा माणूस मला माहीत नव्हता, हे एक. तो मध्येच नळी बंद करून ऐकत राहिला. मग मी विचारलं. फार दिवस न खाल्लेला मासा असेल, तर त्याच्या खाद्यात काय घालता?

"काही नाही," तो म्हणाला.

"क्रिल जास्त?"

"नाही. येतो वासाला, कधी तोंडही लावतो. बघणाऱ्याला वाटतं सुधारला." त्याने शब्द शोधले, माझ्यासाठी सोपे. "इंदो-सान, आमचं खाद्य खाणाऱ्या माशासाठी आहे."

आणि तो ओल्या गमबुटांत कमरेत वाकला, माझी माफी मागितली, जणू ती कारखान्याच्या मालातली खोट होती.

नव्वद दिवसांचा व्हिसा होता. साठ झाले तेव्हा बाबा म्हणाले, "मला घरी सोड." मी रजा मागितली असती तर मिळाली असती, असं आता वाटतं. तेव्हा प्रणालीत चुका निघत होत्या आणि माझ्याशिवाय कोणाला त्या वहीतलं अक्षर लागत नव्हतं. मी त्यांना ओसाकाच्या विमानतळावर नेलं, विमान कंपनीच्या मुलीने चाकाची खुर्ची आणली. बाबांनी खुर्चीत बसून मांडी घालायचा प्रयत्न केला, जमली नाही, पाय खाली सोडले. "मामा येतोय ना घ्यायला?" त्यांनी विचारलं. येतोय म्हटलं. ती मुलगी त्यांना घेऊन आत गेली. एक्सेलची ती फाइल मी त्याच दिवशी गाडीत बसून पुसली, आणि मग दोन स्टेशनं गेल्यावर परत आणता येईल का बघत बसलो. नाही आली.

त्यानंतर दर रविवारी दुपारी मी फोन करायचो.

"जेवलात का, बाबा?"

"हो तर. बांगड्याचं कालवण होतं. त्रिफळ घालून."

"आणि भात?"

"भात, सोलकढी. बोंबील तळलेले, कुरकुरीत."

जन्मभर बाबांनी जेवणाबद्दल "बरंय" याच्या पलीकडे शब्द काढला नव्हता. आता ते मला सांगायचे, की वाटणात खोबरं किती भाजलं, चिंच कुठली, कोळंबी सोलताना मधला धागा काढलाच पाहिजे. पुढच्या रविवारी पापलेट. त्याच्या पुढच्या रविवारी तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या. मामा बुधवारी ऑफिसच्या वेळात वेगळा फोन करायचा आणि खरं ते सांगायचा: अर्धा कप दूध, त्यात एक बिस्कीट, तेही सगळं नाही. मला दोन्ही माहीत असायचं. तरी मी विचारायचो, "तिसऱ्यांत बटाटा घातला होता का?" आणि बाबा जरा विचार करून सांगायचे, "नाही, आईला आवडायचा नाही."

बायको म्हणाली, एकदा तरी खरं बोला त्यांच्याशी. मी म्हटलं, बोलतो. पण रविवारी बाबांचा आवाज उत्साहात असायचा. आठवडाभर ते बेत रचत असणार. असे सात रविवार गेले. शेवटच्या दोन वेळी त्यांना धाप लागत होती, तरी भरल्या पापलेटाचं हिरवं वाटण त्यांनी पुरं सांगितलं. कोथिंबीर विसरले, ती मी सांगितली. "हां, ती आलीच," ते म्हणाले.

आठव्या रविवारी फोन मामाने उचलला. मी सवयीने विचारून गेलो, "जेवले का?"

"पहाटे गेले ते," मामा म्हणाला. "तू निघ. आणि या वेळी परतीचं तिकीट काढू नकोस."